डाव्या विंगेतली पाच अँपिअरची तार

आमच्या नाट्यगृहात ६१२ खुर्च्या आहेत. त्यांतल्या नऊ मोडक्या, म्हणजे बसण्याजोग्या ६०३. पंखे चौतीस. बाहेर जायची दारं पाच, त्यांतलं एक फुगल्यामुळं पावसाळ्यात उघडत नाही. हे आकडे सुरुवातीलाच देऊन टाकतो, कारण या दिवाळी अंकाचे संपादक मला म्हणाले होते, ‘‘कदम, तुमच्या नोकरीतल्या गमती लिहा. नटांच्या, गवयांच्या. आकडे तेवढे नकोत.’’ गमती माझ्याकडं आहेत. पण आकडे वगळून मला काही सांगता येत नाही, आणि या वेळी जे सांगायचं आहे ते तर दोन आकड्यांमधल्या फरकाचंच आहे. एक आकडा पंधरा, दुसरा पाच.

मी सांगलीतल्या एका लहानशा नाट्यगृहाचा वायरमन. गाव पाटण तालुक्यातलं. थोरला भाऊ फौजेत गेला, धाकटा शेतीत राहिला, मी साताऱ्यात वायरिंग शिकलो आणि परवाना काढला. चार वर्षं फिरत्या सिनेमाच्या तंबूत काढली आणि मग सांगलीला चिकटलो तो आजतागायत. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. एवढ्या काळात आमच्या नाट्यगृहात आग लागली नाही, कुणाला शॉक बसला नाही. हे मी अभिमानानं सांगत असे. आजही सांगतो, पण पूर्वीइतक्या मोठ्यानं नाही.

लोकांना वाटतं, वायरमनला नाटक फुकट बघायला मिळतं. मी नाटकं बघितली ती बाजूनं, विंगेतून. त्यामुळं पुष्कळ मोठ्या नटांचा मला एकच कान माहीत आहे. एका नटवर्यांचं असं होतं की तिसऱ्या अंकातल्या लांब भाषणात पंख्यानं त्यांचा टोप हलायचा. ते म्हणत, ‘‘सगळे पंखे बंद.’’ महिना मे. प्रेक्षक सहाशे. मी हिशेब केला, स्टेजपर्यंत वारा पोचतो तो पहिल्या तीन रांगांच्या सहा पंख्यांचा. तेवढेच सहा बंद केले. नटवर्य खूश झाले, आणि पहिल्या तीन रांगा घामानं डबडबल्या. तिथं मानाचे पाहुणे होते, त्यांना तक्रार करता येईना. दुसरे एक जादूगार आले होते. त्यांना काळोख हवा होता, दारावरचा लाल दिवासुद्धा नको. मी म्हटलं, तो दिवा विझणार नाही. ते म्हणाले, ‘‘अहो, त्या उजेडात माझा हत्ती दिसतो!’’ मी म्हटलं, ‘‘हत्ती दिसला तर लोक हसतील. दार दिसलं नाही तर मरतील.’’ दिवा राहिला. हत्ती पुठ्ठ्याचा होता, तो दिसला आणि लोक हसले.

आमचा दारवान महादबा फौजेतून परत आलेला, इस्लामपूरकडचा. तो म्हणायचा, ‘‘लाईट गेली का पब्लिकला आदी मिस्त्रीची आय आठवती, मंग द्येव.’’ हे अगदी खरं आहे. आमचं काम नीट चाललं असेल तर आम्ही कुणालाच आठवत नाही.

आता थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. विजेच्या प्रत्येक मार्गावर आम्ही मुद्दाम एक कमजोर जागा ठेवतो. तिला फ्यूज म्हणतात. चिनी मातीची एक पकड असते, तिच्यात दोन स्क्रूंच्या मध्ये बारीकशी तार बांधतात. जास्त वीज ओढली गेली की भिंतीतली वायर पेटायच्या आधी ही तार वितळते आणि मार्ग बंद पडतो. तार किती जाड घालायची याचे नंबर ठरलेले आहेत, नंबर मोठा तशी तार बारीक. पंधरा अँपिअरला पंचवीस नंबरची. पाच अँपिअरला पस्तीस नंबरची, ती केसाएवढी. पाचाची तार काही पाचाला लगेच जात नाही. सहाला तापते, सातापर्यंत तग धरते, आठाच्या पुढं गेली. वाईट वायरमन असतो तो फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालतो आणि घरी जाऊन झोपतो. अशांमुळं थिएटरं जळतात. मी तसं कधी केलं नाही. मी केलं ते उलट. ते करणारा दुसरा माणूस मला माझ्या धंद्यात भेटलेला नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मिरजेत डॉक्टरकी शिकणारी चार मुलं आमच्याकडं आली. त्यांना रविवारी दुपारी चार ते सहा नाट्यगृह हवं होतं. कार्यक्रम कसला, तर रॉक संगीत. त्या वेळी आमच्याकडं हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. आमचे सचिव अण्णासाहेब वकील होते, त्यांनी अर्जावर ‘पाश्चात्त्य वाद्यवृंद’ असं लिहून घेतलं आणि मला म्हणाले, ‘‘कदम, पोरं आहेत. जरा लक्ष ठेवा.’’

मुलांचा म्होरक्या अभय. उंच, केस मानेवर रुळणारे, बोलायला फटकळ. त्यांच्याबरोबर पाचवा एक होता, तो डॉक्टरकीचा नव्हता. यासीन. वय सव्वीस, एक मूल. मिरजेतल्या सतार-तंबोरा करणाऱ्या घरातला. अभयची परदेशी इलेक्ट्रिक गिटार मोडली म्हणून तो ती दुरुस्त करून घ्यायला यासीनकडं गेला होता. यासीननं ती उघडली, आत काय आहे ते बघितलं आणि तीन महिन्यांत स्वतःची एक नवी केली.

ती मी पहिल्यांदा हातात घेतली तो क्षण आठवतो. अंग भरीव तुणाच्या लाकडाचं, ज्याची सतार करतात तेच. कडेनं वेलबुट्टीचं काम. खुंट्या सतारीच्या. तारांखाली जो चुंबक असतो तो त्यानं जुन्या लाऊडस्पीकरमधून काढला होता आणि त्याभोवती ट्रान्सफॉर्मरची तार हातानं गुंडाळली होती.

‘‘वेढे किती?’’ मी विचारलं.

‘‘सात हजार दोनशे.’’

‘‘मोजले?’’

‘‘मोजल्याशिवाय कसं, मिस्त्री? दोनदा चुकलो. दोनदा सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.’’

मला हा माणूस तिथंच आवडला. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते नावडत्या माणसाच्या बाबतीत झालं असतं तर मी इतकी वर्षं विसरूनही गेलो असतो.

यासीननं मला त्याची अडचणही सांगितली. त्याचे वडील दस्तगीरभाई मोठे कारागीर. त्यांच्या हातचे तंबोरे घ्यायला लांबून गवई मिरजेला येत. त्यांना हे भरीव लाकूड मान्य नव्हतं. ते म्हणत, भोपळा नाही, पोकळी नाही, मग आवाज राहणार कुठं? लाकूड स्वतः बोलत नसेल तर ते वाद्य नव्हे, ते फर्निचर. पण यासीन मागं लागला तेव्हा त्यांनी एक बोली केली. ‘‘चारचौघांत वाजवून दाखव. मी येऊन ऐकेन. जमलं तर कारखान्यातली मागची खोली तुझी, तिथं काय पाहिजे ते बनव. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.’’

म्हणजे त्या रविवारी इतरांसाठी करमणूक होती. यासीनसाठी ती मागची खोली होती.

सकाळी मी भार मोजला. तीन अँप्लिफायर, रंगीत कागद लावलेले बारा दिवे, शंभर-शंभर वॅटचे. सगळं एकदम चाललं तर साडेआठ ते नऊ अँपिअर. गाण्यांच्या वेळी सहाच दिवे लावायचे आणि सगळे बारा फक्त शेवटच्या गाण्याला, ते अभयचं, असं त्यांच्या यादीत होतं. सहा दिव्यांवर भार सहाच्या आसपास. डाव्या विंगेचा मार्ग पंधरा सहज पेलतो. मी फ्यूजमध्ये पंचवीस नंबरची तार बांधली आणि नोंदवहीत लिहिलं, ‘डावी विंग, पंधरा अँपिअर.’ ही वही मी रोज लिहीत असे. कार्यक्रम असो नसो. तिच्यात एक खोटा शब्द नव्हता.

दुपारी एक वाजता मुलांनी तालीम केली. तो आवाज मी काय सांगू? माझ्या छातीच्या फासळ्यांत तो ऐकू येत होता. महादबा दार सोडून आत आला. ‘‘आवं मिस्त्री, ही पोरं वाजिवत्यात का गुऱ्हाळाचं इंजान सोडल्यात?’’ वरच्या खिडक्यांची तावदानं थरथरू लागली. मी पुढं होऊन अभयला म्हटलं, ‘‘आवाज कमी करा. तावदानं हलताहेत. चौदाच्या चौदा.’’

अभय हसला. ‘‘काका, तुम्ही तावदानं मोजली?’’

‘‘मोजायला लागतात.’’

‘‘काका, एक विचारू? उभ्या आयुष्यात तुमचा एकदा तरी फ्यूज उडालाय का हो?’’

सगळे हसले. पोरं हसली त्याचं काही नाही. महादबाही हसला. यासीन तेवढा हसला नाही, तो खाली बघून खुंटी पिळत होता.

मी सरळ फ्यूजच्या खोलीत गेलो. डाव्या विंगेची पकड काढली, पंचवीस नंबरची तार सोडली आणि पस्तीस नंबरची बांधली. पंधराच्या जागी पाच.

पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की ते सुरक्षिततेसाठी होतं. जुनी इमारत, सहाशे माणसं, नवखी मुलं. पण माझाच सकाळचा हिशेब सांगत होता की धोका नाही. खरं कारण ते एक वाक्य होतं. मनात हिशेब असा केला की गाणी होतील, सहा दिव्यांवर तार टिकेल. शेवटी अभयचं गाणं लागेल, बारा दिवे पेटतील, तो नाचायला लागेल आणि नेमकं तेव्हा सगळं बंद पडेल. मग बघू कुणाचा फ्यूज उडाला ते. वय एक्केचाळीस होतं माझं, घरात दोन मुलं, आणि मी हा विचार करत होतो.

नोंदवही मी बदलली नाही.

साडेतीनला दस्तगीरभाई आले. मिरजेहून एसटीनं, पांढरा सदरा, काळी टोपी, हातात काठी. महादबानं त्यांना ‘‘आवं चाचा, हिकडं फुडं बसा की’’ म्हटलं, पण ते नवव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. मी पंखा चालू करायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘विजेचं काम तुमच्याकडंच काय, मिस्त्री?’’

‘‘माझ्याकडंच.’’

‘‘पोरगा म्हणत होता, मिस्त्री चोख आहेत. मोजून काम करतात.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘मला यातलं कळत नाही. पण मोजून काम करणारा माणूस असला म्हणजे बरं वाटतं.’’

त्याच वेळी जाऊन तार बदलायला हवी होती. दीड मिनिटाचं काम. मनात आलंही. पण मी म्हटलं, यासीनचं वादन शेवटून दुसरं आहे, सहा दिव्यांवर आहे. त्याला काही होत नाही.

कार्यक्रम चारला सुरू झाला. नाट्यगृह निम्म्याहून थोडं जास्त भरलं होतं, मी तिकिटांवरून नाही, खुर्च्यांवरून मोजले, ३४०. बहुतेक विद्यार्थी. पुढच्या रांगेत काही घरंदाज मंडळी चुकून आल्यासारखी बसली होती, त्यांतले दोघे पहिल्या गाण्यातच उठून गेले. पण बाकीचे हळूहळू पाय हलवायला लागले. मी विंगेत अँपिअर दाखवणाऱ्या काट्यापाशी उभा होतो. काटा सहावर. मला त्या गाण्यांतला एक शब्द कळला नाही. तरी खोटं कशाला बोलू, चौथ्या गाण्याला माझाही पाय हलत होता.

मग अभय माइकपाशी आला. यादीप्रमाणं आता यासीनची पाळी. अभय मराठीत बोलला, माइकवर त्या दिवशी पहिल्यांदाच.

‘‘हे वाद्य मिरजेत तयार झालंय. बनवणारा माझा मित्र यासीन. त्याचे वडील इथं बसलेत. चाचा, हे तुमच्यासाठी.’’ आणि दिव्यांच्या बटणांपाशी बसलेल्या मित्राकडं वळून त्यानं हात वर केला. ‘‘सगळे लाव रे. बाराच्या बारा. आणि तिसरा अँप्लिफायर यासीनला जोड.’’

हे यादीत नव्हतं. स्वतःच्या गाण्यासाठी राखून ठेवलेले दिवे त्या फटकळ मुलानं यासीनला दिले.

यासीन पुढं आला. त्यानं एकच सूर लावला आणि तो लांबवला. मी संगीतातला माणूस नाही, पण गवयांच्या पाठीशी उभं राहण्यात माझी वर्षं गेली आहेत. तो सूर तंबोऱ्याचा होता. वीज त्यातून वाहत होती, पण घराणं मिरजेचं होतं. नवव्या रांगेत दस्तगीरभाईंनी काठीवरची हनुवटी उचलली आणि मान थोडी तिरपी केली. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेतून उठणारा तो गुंजता झंकार, ऐकताना कारागीर करतात ना, तशी.

काटा साडेआठवर होता.

पस्तीस नंबरची तार साडेआठवर लगेच वितळत नाही. आधी लाल होते. माझ्या अंदाजानं माझ्या हातात वीस सेकंद होते. मी ओरडलो असतो, ‘‘सहा दिवे बंद करा,’’ तर काटा खाली आला असता आणि वादन पुरं झालं असतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, पंधराच्या तारेवर साडेआठला ओरडता कशाला? मी काट्याकडं बघत उभा राहिलो.

फ्यूज गेला.

दिवे गेले, अँप्लिफायर गेले. दुपार असल्यामुळं वरच्या खिडक्यांतून उजेड येत होता, काळोख असा झाला नाही. सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. आणि त्या शांततेत यासीनची बोटं अजून चालत होती. त्याच्या लक्षात यायला तीन-चार सेकंद लागले. तेवढ्या वेळात साऱ्या नाट्यगृहाला त्या भरीव लाकडाचा विजेशिवायचा आवाज ऐकू आला. टिण, टिण. डब्याला बांधलेल्या रबरासारखा. कुणीतरी हसलं.

दस्तगीरभाई उठले.  काठी टेकत मधल्या वाटेनं दाराकडं गेले. महादबानं दार उघडलं.

मी फ्यूजच्या खोलीकडं धावलो. दीड मिनिटाचं काम म्हणालो ना? मला अकरा मिनिटं लागली. कारण अभय माझ्या मागोमाग आला आणि दारात उभा राहून ‘‘काका, काय झालं? मदत करू?’’ विचारू लागला. मी दार आतून लावून घेतलं. पकडीवर जळलेल्या पस्तीस नंबरच्या टोकांचे काळे ठिपके होते, ते मी खरवडून काढले. नवीन पंचवीसची बांधली. जुने तुकडे खिशात टाकले. स्क्रू हातातून दोनदा पडला.

वीज आली. यासीननं पुन्हा वाजवलं. अप्रतिम वाजवलं, असं सगळे म्हणाले. वाजवताना तो नवव्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होता. मिरजेची एसटी पाच वाजून दहा मिनिटांची होती, आणि ती त्या दिवशी वेळेवर सुटली.

लोक पांगल्यावर महादबा मला म्हणाला, ‘‘मिस्त्री, अकरा मिन्टं आत काय करत हुता वं?’’

‘‘तार बसत नव्हती.’’

‘‘तुमच्या हातनं? तार बसत न्हवती?’’ एवढंच बोलला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही, पण माझ्या मोजण्यावर विनोद करणंही सोडलं. ते मला जास्त लागलं.

चार दिवसांनी नाट्यगृहाच्या मंडळाची बैठक झाली. मला बोलावलं होतं. अण्णासाहेबांनी नोंदवही उघडली, चष्मा पुसला आणि वाचलं, ‘‘डावी विंग, पंधरा अँपिअर. आता हे कदमांनी लिहिलंय म्हणजे त्यावर वादच नाही. भार नऊच्या आत. मग फ्यूज गेला कशानं? त्या घरी बनवलेल्या वाद्यात शॉर्ट असणार. काय कदम?’’

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ‘‘शक्य आहे.’’

दोनच शब्द. ते इतिवृत्तात गेले. ‘स्थानिक बनावटीच्या विद्युत वाद्यातील दोषामुळे कार्यक्रमात व्यत्यय’ असं लिहून अशा वाद्यांना नाट्यगृहात बंदी झाली. मिरजेत बातमी पोचायला वेळ लागत नाही. यासीनच्या वाद्यानं सांगलीचं थिएटर बंद पाडलं, असं लोक म्हणू लागले.

इथंपर्यंत माझी चूक होती. यापुढचं चुकीत बसत नाही.

महिन्याभरानं यासीन माझ्याकडं आला. वाद्य जुन्या चादरीत गुंडाळलेलं. चेहरा उतरलेला. म्हणाला, ‘‘मिस्त्री, चार वेळा उघडलं. सगळी वायर बदलली. वेढे पुन्हा घातले, सात हजार दोनशे. दोष सापडत नाही. तुम्ही बघता का? तुम्ही सांगितलं तर मी अब्बांना सांगू शकेन की अमुक चूक होती, ती काढली. ते तुमचं ऐकतील.’’

मी वाद्य घेतलं. टेस्टरनं, मीटरनं एकेक जोड तपासला. उगाच नव्हे, खरोखर तपासला. आत कुठं काही वावगं असावं, अशी मी मनात प्रार्थना करत होतो. काही नव्हतं. इतकं स्वच्छ काम मी परदेशी यंत्रातही बघितलेलं नाही.

‘‘सापडला?’’

मी म्हटलं, ‘‘काही दोष असे असतात की थंड असताना दिसत नाहीत. गरम झाल्यावर येतात.’’

आमच्या धंद्यात हे वाक्य खरं आहे. अशा वाक्याला माणूस पटकन फसतो. यासीननं मान हलवली. ‘‘म्हणजे सांगता यायचं नाही.’’

‘‘सांगता यायचं नाही.’’

त्यानं चादर गुंडाळली. जाताना म्हणाला, ‘‘तुम्हालाच सापडत नसेल तर मी काय शोधणार?’’

त्यानंतर त्यानं विजेचं वाद्य केलं नाही. अभय आणि इतर मुलं डॉक्टर होऊन गावोगाव गेली.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीला तंबोरा हवा होता. सांगलीत राहून तंबोरा दुसरीकडून कोण घेईल? मिरजेला गेलो. मुलीला दुसरं दुकान दाखवता आलं असतं. पण पाय तिथंच वळले. दारावर यासीनचं नाव, डोळ्यांवर चष्मा, दाढी पिकायला लागलेली. त्यानं मला लगेच ओळखलं. ‘‘आवं मिस्त्री! या या.’’ मुलीला चार तंबोरे दाखवले, पाचवा स्वतः लावून दिला. तारेखाली दोरा सरकवत जवारी काढताना त्यानं मान तिरपी केली, अगदी वडिलांसारखी. दस्तगीरभाई सहा वर्षांपूर्वी गेले, असं त्यानं सांगितलं.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत वाळलेले भोपळे छतापर्यंत रचले होते.

मुलगी बाहेर रिक्षा बघायला गेली तेव्हा मी सांगितलं. सगळं, क्रमानं. अभयचं वाक्य, तार, वीस सेकंद, अकरा मिनिटं, ‘शक्य आहे’, आणि महिन्यानंतरचं ते गरम होण्याचं वाक्य.

यासीन तंबोरा मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं एक तार हलकेच छेडली. मग विचारलं, ‘‘कितीची होती?’’

‘‘पस्तीस नंबर.’’

त्यानं मान हलवली. तारेचे नंबर मला माहीत आहेत तेवढेच त्यालाही माहीत आहेत.

‘‘अब्बा शेवटी आजारी होते,’’ तो म्हणाला. ‘‘एक दिवस म्हणाले, अरे, त्या सांगलीच्या वाद्याचा पहिला सूर चांगला होता. दोष सापडला का मग? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, सापडला की सांग.’’

रिक्षा दारात आली. मुलीनं हाक मारली. मी उठलो. दारापाशी थांबून म्हटलं, ‘‘यासीन, मी आता काय करू?’’

‘‘तुम्ही काय करणार?’’ त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तंबोऱ्याची गवसणी बांधता बांधता तो म्हणाला, ‘‘अब्बांना तर आता सांगता येत नाही. पण मिरजेत अजून म्हणतात, यासीनच्या वाद्यानं थिएटर बंद पाडलं. माझी पोरं ऐकतात. तुमच्या वहीत लिहिलेलं लोक खरं मानतात ना? मग लिहा की तुम्हीच.’’

मी सांगलीला आलो. माळ्यावरून त्या वर्षाची नोंदवही काढली. कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत, पण पान शाबूत होतं. लाल शाईनं दुरुस्ती केली, खाली सही केली. नंतर लक्षात आलं की माळ्यावरची वही वाचायला कुणीच येणार नाही. म्हणून संपादकांनी गमती मागितल्या तेव्हा मी हो म्हटलं. दिवाळीचा अंक मिरजेत घरोघर जातो. मंडळाला काय करायचं ते करू दे, दोन वर्षं उरली आहेत.

रविवारच्या त्या कार्यक्रमाची नोंद अशी वाचावी: डावी विंग, पाच अँपिअर, तार पस्तीस नंबर. तार बांधणारा, कदम वायरमन. वाद्यात दोष नव्हता.